जॅकच्या अलीकडे

१९७० आणि ८० च्या दशकांत ठाणे ते कल्याण या पट्ट्यात इलेक्ट्रिक गिटार समोर बसून ऐकायची सोय म्हणजे ऑर्केस्ट्रा. गणपतीत, नवरात्रात, कामगार वसाहतींच्या स्नेहसंमेलनात, आणि १९७८ साली गडकरी रंगायतन सुरू झाल्यावर तिकीट काढूनसुद्धा. मंचावर गिटार दिसायची, बोटं फिरताना दिसायची, पण आवाज यायचा तो गोधडीखालून आल्यासारखा. मग दोष वादकाला दिला जायचा, नाहीतर गिटारला. खरा घोटाळा पुढे होता. गिटारची लीड ज्या अ‍ॅम्प्लिफायरला लावलेली असायची तो भाषणांसाठी, आरत्यांसाठी आणि हरवलेल्या मुलांच्या पुकाऱ्यांसाठी बनवलेला होता.

ठाण्याच्या वर्तकनगरात राहून गेली अनेक वर्षं मी लोकांच्या गिटारी उघडतो, दुरुस्त करतो, त्यांत बूस्टर बसवतो. गिटारच्या पोटात बसणाऱ्या या एवढ्याशा सर्किटचा आपल्याकडचा प्रवास मंडपातल्या त्या अ‍ॅम्प्लिफायरपासून सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत तो वेगळ्या गरजेतून सुरू झाला. सर्किट जवळपास तेच, एका ट्रान्झिस्टरचं, पण दुखणं निराळं होतं, आणि हा फरक लक्षात न घेता आजही कितीतरी मुलं चुकीचा बूस्टर चुकीच्या जागी बसवून घेतात.

आधी दुखणं समजून घेऊ. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपवर साधारण साडेसात ते आठ हजार वेढे असतात आणि तारेची जाडी ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. वर पोलादी तार थरथरली की खाली वेढ्यांत वीज उमटते, एक-दोन दशांश व्होल्टची. तिच्यात जोर नसतो. पुढच्या इनपुटचा रोध १० लाख ओहम, म्हणजे एक मेगओहम असेल तर ती शाबूत पोचते. गिटारसाठीच बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची इनपुट अशीच ठेवलेली असते. माइकच्या इनपुटचा रोध मात्र काही हजार ओहम असतो, कारण माइकची गुंडाळी लहान आणि तिला तेवढंच लागतं. गिटार तिथे लावली की पिकअपवर ओझं पडतं. एकूण आवाज तर बसतोच, पण त्याआधी जातात त्या वरच्या कंपनसंख्या: तारेवर प्लेक्ट्रम लागल्याचा टणत्कार, तिची धार. उरतो तो नुसता गोळा.

दुसरा चोर म्हणजे लीड. गिटारची शील्डेड वायर दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड एवढी धारिता अंगावर बाळगते. पिकअपची प्रेरकता आणि वायरची धारिता मिळून एक अनुनाद तयार होतो आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने गळतं. सहा मीटरची वायर असेल तर हा बिंदू ४ हजार हर्ट्झच्या जरासा खाली येतो. १५ मीटरची असेल तर अडीच हजारांच्या आसपास. मंडपात अ‍ॅम्प्लिफायर कुठे असायचा? लाउडस्पीकरवाल्याच्या टेबलावर, मंचाच्या मागे किंवा थेट मंडपाच्या दुसऱ्या टोकाला. पंधरा मीटर वायर ही तिथे चैन म्हणून वापरली जात नव्हती. शिवाय वादकाने आवाज कमी करायला गिटारवरचा व्हॉल्यूम पॉट जरा मागे घेतला की त्या पॉटचा रोध वायरच्या आड उभा राहायचा आणि उरलीसुरली धारही जायची.

अमेरिकेत १९६९ च्या सुमारास माइक मॅथ्यूज यांच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने ‘एलपीबी-१’ हा बूस्टर आणला. बेल लॅब्जमध्ये काम करणारे बॉब मायर यांनी आखलेला, एका ट्रान्झिस्टरचा. तिथल्या वादकांकडे गिटारसाठीच बनवलेले व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर होते. त्यांना बूस्टर हवा होता तो त्या व्हॉल्व्हना ताणण्यासाठी. मोठा सिग्नल आत ढकलला की व्हॉल्व्ह फाटल्यासारखे वाजतात आणि तोच आवाज त्यांना हवा होता. त्याच वर्षी ग्रेटफुल डेड या बँडच्या परिघात अलेम्बिक ही मंडळी उभी राहिली. रॉन विकरशॅम यांच्या हातून गिटारच्या आतच इलेक्ट्रॉनिक्स ठेवायची कल्पना तिथे पक्की झाली. स्ट्रॅटोकास्टरच्या जॅकच्या खोबणीत बसेल असा ‘स्ट्रॅटोब्लास्टर’ त्यांनी पुढे काढला. १९७५ मध्ये क्रेग अँडरटन यांचं संगीतकारांसाठीच्या इलेक्ट्रॉनिक जोडण्यांचं पुस्तक आलं आणि घरी बसून सोल्डर मारणाऱ्यांची एक पिढीच त्यावर वाढली. १९७६ मध्ये रॉब टर्नर यांनी पुढे ईएमजी म्हणून नावारूपाला आलेला कारखाना काढला. त्यांच्या पिकअपमध्ये प्रीअ‍ॅम्प पिकअपच्याच डबीत ओतून बंद केलेला असतो.

आपल्याकडे गिटारची ओढ लावली ती मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंनी. व्हॅन शिपले यांनी आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार स्वतः आखून घेतली होती, म्हणजे आतलं लाकूड आणि वायरिंग यांच्याशी खेळणं इथे नवं नव्हतं. हजारा सिंग यांची हवाईयन गिटार रेडिओवर घरोघरी पोचली. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधली भूपिंदर सिंग यांची गिटार, १९८० च्या ‘कर्ज’मधली गोरख शर्मा यांची गिटार: ऑर्केस्ट्राच्या वादकाकडे फर्माईश यायची ती हीच. ‘कर्ज’ची धून सुरू झाली की लोक खुर्चीत पुढे सरकायचे. स्टुडिओत ती गिटार नीट अ‍ॅम्प्लिफायरमधून, चांगल्या माइकसमोर, जाणत्या ध्वनिमुद्रकाच्या देखरेखीखाली वाजलेली. वर्तकनगरच्या मंडपात तीच धून माइकच्या इनपुटमधून काढायची. या दोन आवाजांमधलं अंतर भरून काढायला बूस्टर आला.

तो इथे का रुजला, याला वस्तीचंही कारण आहे. वर्तकनगर म्हणजे तेव्हा गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींची वसाहत. एका अंगाला पोखरण रोड, रेमंडची १९२५ पासूनची गिरणी आणि जेके ग्राम. दुसरीकडे १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी वागळे इस्टेट. इथल्या घरांत सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर या वस्तू नवलाच्या नव्हत्या. पॅनेल वायरिंग करणारे, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे, रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे शेजारी जिन्यावर भेटायचे. गिटारवाल्या मुलाला स्वर कळत होते, शेजारच्या काकांना ओहम कळत होते. बूस्टर या दोघांनी मिळून बनवला. या काकांची नावं कुठल्या कॅसेटच्या वेष्टनावर छापली गेली नाहीत. मला त्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते, कारण मी जे शिकलो ते अशाच माणसांच्या हाताकडे बघत.

सुटे भाग आणायचे तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. बीसी-१४८, बीसी-१४९, नंतर बीसी-५४७ आणि कमी खरखरीचा बीसी-५४९. फेट, म्हणजे फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर, हवा असेल तर बीएफडब्ल्यू-१०, जो इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांमुळे सगळ्यांना ठाऊक. १९६९ पासून दिल्लीहून निघणारं ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ आणि १९८३ पासून मुंबईतून निघू लागलेली ‘इलेक्टर’ची भारतीय आवृत्ती यांतल्या प्रीअ‍ॅम्पच्या आकृत्या वह्यांत उतरवल्या जायच्या. आकृती माइकची असो की टेपची, इनपुटचा रोध वाढवून ती गिटारला लावून बघायची.

हे सुरुवातीचे बूस्टर गिटारच्या बाहेर होते, बरेचदा प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत. डबी स्वस्त, तिला भोकं पाडणं सोपं. पण प्लास्टिक बाहेरच्या विजेचा गोंगाट अडवत नाही. मंडपात रोषणाईच्या माळा, डिमर, पंखे, जनरेटर. त्या सगळ्यांचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट डबीत शिरायचा आणि बूस्टर त्यालाही इमानेइतबारे वाढवायचा. डबी पायाखाली यायची, तिची वायर तुटायची, गर्दीत ती हरवायची. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गिटार ते डबी ही वायर शिल्लक राहायचीच. म्हणून डबी आत गेली. गिटारची पोकळी तांब्याच्या पत्र्याने किंवा फॉइलने आतून मढवायची, पत्रा ग्राउंडला जोडायचा, आणि त्या मढवलेल्या खोलीत सर्किट ठेवायचं. सिग्नल जॅकमधून बाहेर पडण्याआधीच त्याला जोर मिळाला की बाहेर वायर किती लांब आणि इनपुट कसली, याची फारशी फिकीर उरत नाही. जॅकच्या अलीकडे केलेलं काम हजार पटीने उपयोगी पडतं, पलीकडे केलेलं निम्मं वाया जातं. हे मी ग्राहकाला आजही पहिल्यांदा सांगतो.

आता बसवण्याबद्दल जरा सविस्तर, कारण खरा कस इथे लागतो.

स्ट्रॅट घाटाच्या गिटारचा पिकगार्ड उघडला की तीन पॉट, एक निवडीचा स्विच आणि थोडी मोकळी जागा दिसते. सर्किट टपालाच्या तिकिटाएवढं होतं, त्याला जागा मिळते. अडचण सेलची. नऊ व्होल्टचा सेल सुमारे ४८ मिलिमीटर लांब, २६ रुंद आणि १७ जाड. काही गिटारींत तो पॉटशेजारी सरकतो, काहींत मागच्या स्प्रिंगच्या पोकळीत जातो, काहींत कुठेच जात नाही आणि लाकूड कोरायची वेळ येते. जुन्या, चांगल्या गिटारचं लाकूड मी कोरत नाही. ग्राहक कितीही आग्रह करो, त्याला बाहेरचा पेडल घ्यायला सांगतो. सर्किट उद्या काढता येतं, कोरलेलं लाकूड परत भरून येत नाही. काढलेले मूळ पॉट आणि जॅकही मी पिशवीत घालून मालकाच्या हाती देतो.

सेल चालू-बंद करायला वेगळा स्विच लागत नाही. मोनोऐवजी स्टिरिओ जॅक बसवायचा आणि सेलची ऋण बाजू त्याच्या मधल्या पात्याला जोडायची. मोनो प्लग आत गेला की तो मधलं पातं आणि ग्राउंड एकत्र करतो आणि सर्किट जागं होतं. प्लग काढला की बंद. इतकी सुबक युक्ती दुसरी क्वचितच पाहिली असेल. पण तिचा अर्थ असा की वाजवून झाल्यावर लीड गिटारला लावून ठेवली तर सकाळपर्यंत सेल खर्ची पडत राहतो. एका फेटच्या बूस्टरला एक मिलिअ‍ॅम्पिअरहूनही कमी करंट लागतो, त्यामुळे चांगला अल्कलाइन सेल काही महिने सहज जातो; दोन ऑप-अ‍ॅम्प असलेली टीएल-०७२ ची चिप वापरली तर खर्च तिपटीच्या घरात.

मला स्वतःला फेटच पसंत आहे. त्याच्या गेटला १० लाख ओहमचा रोध देता येतो, पिकअपवर ओझं पडत नाही, आणि जोरात वाजवल्यावर तो एकदम न फाटता हळूहळू दबतो. त्याची खोड एकच: एकाच नंबरचे दोन फेट सारखे निघत नाहीत. म्हणून ड्रेनच्या रोधाच्या जागी प्रीसेट लावायचा, मल्टिमीटर ड्रेनवर ठेवायचा आणि साडेचार व्होल्ट, म्हणजे सेलच्या निम्म्यावर येईपर्यंत फिरवायचा. छापील आकृतीतली किंमत डोळे झाकून लावली की सर्किट चालतं, पण घुसमटून चालतं. पुष्कळ जण इथेच बूस्टरला नावं ठेवून मोकळे होतात.

बूस्टर व्हॉल्यूम पॉटच्या आधी घ्यायचा की नंतर? मी बहुधा नंतर घेतो. मग पॉट मागे घेतला तरी त्याचा रोध लांब वायरच्या आड येत नाही आणि हलक्या आवाजातही धार राहते. वाढ किती, यावर सगळ्यांत जास्त वाद होतात. ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट, २० म्हणजे दहापट. तरुण मुलांना वीसच हवे असतात. मंडपातल्या किंवा हॉलमधल्या मिक्सरला ६ ते १० पुरतात. त्यापुढे मिक्सरची इनपुट फाटते आणि तो फाटलेला आवाज व्हॉल्व्हच्या आवाजासारखा मुळीच नसतो. आणि बायपास हवाच. व्हॉल्यूमचा पॉट पुश-पुल घ्यायचा, वर ओढला की बूस्टर, दाबला की पिकअप थेट जॅकला. ऐन कार्यक्रमात सेल संपला तर गिटार मुकी होता कामा नये.

कधी बूस्टर बसवल्यावर ग्राहक म्हणतो, आवाज फार टोकदार झाला. त्याच्या कानाला इतकी वर्षं वायरने खाल्लेला आवाज सवयीचा असतो. अशा वेळी सर्किटच्या तोंडाशी ४७० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर लावला की पाच-सहा मीटर वायरचा परिणाम आतच मिळतो. हा उपाय मला आवडतो. माणसाच्या कानाचा मान राखला जातो.

या कहाणीत बेंजोला वगळलं तर तिची निम्मी बाजू निसटते. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते बुलबुलतरंग, जपानमध्ये १९१२ साली नागोयात जन्मलेल्या ताइशोगोतोचं भावंड. टंकलेखन यंत्रासारख्या चाव्या आणि खाली तारा. मुंबई-ठाण्याच्या मिरवणुकांत, लग्नांत, हळदीत त्याने जी जागा मिळवली ती दुसऱ्या कुठल्या तारवाद्याला मिळाली नाही. ढोल, ताशा आणि पुढे ऑक्टोपॅड यांच्या दणक्यात ऐकू यायचं तर तारांखाली पिकअप हवा. अ‍ॅम्प्लिफायर, कर्णे आणि जनरेटर हातगाडीवर किंवा टेम्पोत, आणि वादक गर्दीत. गिटारवाल्याची मंडपातली अडचण इथे दुपटीने होती, कारण गाडी चालती होती आणि लीड ओढली जात होती. बेंजोच्या लाकडी खोक्यात जागाही भरपूर, सेल ठेवायला कोरावं लागत नाही. वर्तकनगरच्या दहीहंडीला किंवा उपवन तलावाकडे जाणाऱ्या विसर्जनाच्या वाटेवर ज्या बेंजोची तान ढोलांच्या दणक्यावरून स्वच्छ ऐकू येते, त्याच्या खोक्यात बरेचदा एक ट्रान्झिस्टर बसलेला असतो. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी या वादकांवर हिंदी चित्रपट काढला तेव्हा त्यांच्या कलेची चर्चा झाली, त्यांच्या हुन्नराची फारशी झाली नाही. गिटारच्या बाबतीत आपण परदेशी नावं तोंडपाठ करतो आणि या लोकांनी रस्त्यावर सोडवलेली तीच समस्या विसरतो, याचं मला वाईट वाटतं.

दरम्यान गिटारची दुनिया बदलत होती. १९८४ मध्ये रॉक मशीन हा बँड उभा राहिला, महेश तिनईकरांची लीड गिटार मुंबईच्या मुलांनी ऐकली. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि ठाण्या-डोंबिवलीची मुलं लोकलने धोबी तलावच्या रंगभवनला जाऊ लागली. तिथे त्यांनी गिटारसाठी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर प्रत्यक्ष ऐकला. १९९१ नंतर आयात हळूहळू मोकळी होत गेली, २००१ च्या एप्रिलात ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले, आणि परदेशी गिटारी आणि पेडल मध्यमवर्गीय घरांत आले. बूस्टरकडून अपेक्षा बदलल्या. आता तो अमेरिकन अर्थाने हवा झाला: सोलो आला की एक बटण ओढून पुढे यायचं. १९८८ च्या एरिक क्लॅप्टन स्ट्रॅटोकास्टरमध्ये मधल्या कंपनसंख्या २५ डेसिबलपर्यंत उचलणारं सर्किट होतं. त्याच्या नकलेची मागणी माझ्याकडे अजूनही येते. मेटल वाजवणाऱ्यांनी थेट आतच प्रीअ‍ॅम्प असलेले अ‍ॅक्टिव्ह पिकअप घेतले. त्यांच्यासाठी काम सोपं, सगळं तयार, फक्त सेलला जागा करायची.

एका गोष्टीवर मात्र कुठल्याही आयातीने उपाय केला नाही: अर्थिंग. गिटारच्या तारा ब्रिजमधून जॅकच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि ते ग्राउंड पुढे अ‍ॅम्प्लिफायरच्या सांगाड्याला. अ‍ॅम्प्लिफायर दोन पिनांवर चालत असेल आणि माइक दुसऱ्याच यंत्रावर, तर तारांवर बोटं आणि माइकला ओठ लागले की झटका बसतो. तो जीवघेणाही ठरू शकतो. आतला नऊ व्होल्टचा सेल निरुपद्रवी आहे, पण बूस्टर या धोक्यापासून वाचवत नाही. पावसाळी गणपतीत, ओल्या मंचावर वाजवणाऱ्या प्रत्येकाने सुरुवात करण्याआधी टेस्टर तारांना लावून बघावा आणि दिवा लागला तर वाजवायचं साफ नाकारावं. हे सांगताना माझा आवाज चढतो, आणि चढायलाच हवा.

आज वर्तकनगरच्या जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहिलेत. मुलं हेडफोन लावून ऑडिओ इंटरफेसमध्ये वाजवतात, ज्याच्या इनपुटवर गिटारसाठीचा मेगओहमचा स्विच आधीच असतो. पाय असलेले जे-२०१ आणि २एन-५४५७ हे फेट मोठ्या कंपन्यांनी बनवायचे थांबवले. बाजारात त्याच छापाचे बनावट मिळतात, म्हणून प्रत्येक फेट तपासूनच लावावा लागतो, नाहीतर पृष्ठभागावर चिकटणारा बारीक नमुना भिंगाखाली सोल्डर करावा लागतो. तयार पट्ट्याही मिळतात, त्यातल्या काही उत्तम असतात.

काम मात्र थांबलेलं नाही. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहासारख्या मोठ्या मंचावर गिटार ते मिक्सर अंतर तेवढंच लांब आहे, आणि बेंजोवाले आता कमरेला वायरलेस ट्रान्समीटर लावतात. त्या ट्रान्समीटरला जास्त जोर दिला की तो लगेच फाटतो, कमी रोधाचा स्थिर सिग्नल दिला की खूष असतो. त्यामुळे अलीकडे येणाऱ्या बऱ्याच गिटारींत आणि बेंजोंत मी फेट सोर्स फॉलोअर म्हणून जोडतो. वाढ जवळजवळ शून्य, फक्त पिकअप आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये एक टेकू. ग्राहक त्यालाही बूस्टरच म्हणतो आणि मी ते दुरुस्त करत नाही. त्याला एवढंच सांगतो की पावसाळा लागण्याआधी जुना कार्बन-झिंकचा सेल काढून टाक, अल्कलाइन घाल, आणि दिवाळीपर्यंत वाजवायचा नसेल तर तोही बाहेर काढून ठेव. ठाण्याच्या दमट हवेत गळलेल्या सेलचं पाणी सर्किटवरच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकतं, आणि त्या रेघा पुन्हा तारेने जोडत बसणं हे या सगळ्या धंद्यातलं सर्वांत किचकट काम आहे.